गोरिलासाठी अकरा मजले

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः जिन्याने का चढतोय, हा प्रश्न त्या अकरा मजली इमारतीत पहिल्यांदा कुणाला पडला ते कळायला मार्ग नाही. उत्तर मात्र सगळ्यांनी एकच काढलं, आणि ते साफ चुकीचं होतं.

खरं उत्तर होतं गोरिला.

लिफ्ट-मेकॅनिकच्या घरात दोन महिने आफ्रिकेशिवाय दुसरा विषय नव्हता. जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरलेला, त्यावर काच, आणि काचेवर ताटं. त्यामुळे "मिठाची बाटली त्या सरोवरातून इकडे सरकव" असं बोलणं घरात अगदी सहज व्हायचं. मुलगी प्राणिशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडली होती, तेव्हा सहलीची सूत्रं तिच्या हातात. आधी जीपमधून सिंह, हत्ती, जिराफ. मग डोंगरातल्या दाट जंगलात पायी जाऊन गोरिला.

बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिला एकच गोष्ट बघायची होती, जांभई देणारा नर गोरिला. "आयुष्यभर माणसांचे सुळे घासले," ती म्हणायची, "एकदा सुळे म्हणावेत असे सुळे बघू द्या."

मेकॅनिकचं वेड वेगळंच. मोठा नर एकशे ऐंशी किलोचा असू शकतो हे कळल्यापासून तो भेटेल त्याला सांगत सुटला होता, "आठ माणसांच्या लिफ्टमध्ये तीन गोरिला. तेही तिसऱ्याने केळं खाल्लेलं नसलं तर."

"बाबा, त्या डोंगरातले गोरिला पाला खातात," मुलगी दर वेळी सांगायची.

"मग पाला खाल्लेला नसला तर."

घोडं अडलं होतं ते त्याच्या दमापाशी. डॉक्टरांनी हृदय, गुडघे, सगळं तपासून पाठीवर थाप मारली होती. पण जिना चढायला लागला की तिसऱ्या मजल्यावर त्याचा भाता सुरू व्हायचा आणि सहाव्यावर तो कठड्याला मिठी मारायचा. जीपला दम लागत नाही, डोंगराला लागतो. गोरिला त्या दिवशी कुठे असतील ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तासाभराची चाल असेल, नाहीतर अर्ध्या दिवसाची.

"अगदीच नाही जमलं तर खुर्ची मिळते," मुलगी म्हणाली. "चौघं जण खांद्यावर घेऊन नेतात."

"मी जन्मभर लोकांना वर पोचवलं," मेकॅनिक म्हणाला, "आणि मलाच उचलून न्यायचं? शोभेल का गं ते?"

"मग तुम्ही दोघी जाऊन या," असंही त्याने एकदा म्हणून बघितलं.

"आणि ते सुळे बघून मी कोपर कुणाला मारू?" बायकोने विचारलं. विषय तिथेच संपला. तो नाही तर तीही नाही. दोघं नाहीत तर गोरिला बघायचे परवाने घ्यायचेच नाहीत, फक्त जीप.

मग तिनेच अट घातली. तो ज्या इमारतीची लिफ्ट सांभाळतो तिथला जिना न थांबता अकराव्यापर्यंत चढायचा, वरून तिला फोन करायचा, आणि धापा न टाकता एक पूर्ण वाक्य बोलायचं. ते जमलं की परवान्यांचे पैसे भरायचे. सहलवाल्याने परवाने शुक्रवारी संध्याकाळपर्यंत राखून ठेवले होते.

मेकॅनिक रोज काम संपल्यावर हत्यारांची पिशवी पाठीला अडकवून जिन्याला भिडू लागला. दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत. पहिल्या दिवशी बायकोला फोनवर ऐकू आलं ते असं: "मी... आलो... म्हण..."

"क्रियापदाआधीच गेलात," ती म्हणाली. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी क्रियापद आलं, पण ते सातव्या मजल्यावरून. तिसऱ्या दिवशी नुसताच वारा ऐकू आला.

आणि इकडे इमारतीत गहजब. ज्याने लिफ्टचे दोर रोज डोळ्यांनी बघितलेत, तोच जिन्याने पळतोय म्हणजे पाणी मुरतंय, हे न कळायला लोक काय दुधखुळे होते? आधी दुसऱ्या मजल्यावरचे चढू लागले, मग पाचव्यावरचे, मग सगळेच. रिकामी लिफ्ट खाली तोंड उघडून उभी, आणि जिन्यात धापांची रांग.

शुक्रवारी सकाळीच साहेबांचा फोन आला. "तुमच्या व्यायामापायी कंपनीची अब्रू चाललीय. आजपासून जिना बंद. आणि एकेकाला समजावून लिफ्टमध्ये बसवा."

म्हणजे संपलं. संध्याकाळी इमारतीत शिरताना मेकॅनिकचा चेहरा बंद पडलेल्या पंख्यासारखा झाला होता. समोरच अकराव्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई भेटल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची. हातात सामानाची जड पिशवी, आणि पाय जिन्याकडे.

"बाई, लिफ्टला काही झालेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवा."

"तुमच्यावरच ठेवलाय. तुम्ही चढता म्हणून मी चढते."

"अहो, मी चढत होतो ते गोरिलासाठी."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "वरच्या मजल्यावर आहे का?"

"आफ्रिकेत."

"पिशवी घ्या," बाई म्हणाल्या, "आणि चालता चालता सांगा. आफ्रिकेत कुठे?"

पिशवी नाकारावी कशी? आणि बाईंना एकटं सोडावं कसं? साहेबांच्या नावाने मनात हात जोडून तो त्यांच्या मागे निघाला.

बाई एका पायरीवर दोन्ही पाय ठेवायच्या, मग पुढची पायरी. मेकॅनिकला आधी वाटलं, या गतीने आपण गोरिलाच्या नातवंडांनाच भेटू. पण जिना अरुंद, पुढे जायची सोय नाही.

"आफ्रिकेत कुठे, विचारलं मी."

"मधोमध, डोंगरात."

"पूर्ण वाक्यात."

"ते गोरिला विषुववृत्ताजवळच्या उंच डोंगरात राहतात, बाई."

"शाब्बास. तिथे थंडी असणार मग. पांघरूण?"

"अंगावर दाट केस असतात. आणि रोज संध्याकाळी फांद्या-पाला वाकवून नवीन अंथरूण करतात. कालचं वापरत नाहीत."

"म्हणजे चादरी धुवायची कटकट नाही. सगळे एकत्र झोपतात?"

"लहान पिल्लू आईजवळ. बाकी ज्याचं त्याचं वेगळं."

"घोरणाऱ्यांवर उत्तम उपाय. थांबू नका हो, थांबलं की पुन्हा निघणं जड जातं."

एवढ्या हळू तो जिना कधीच चढला नव्हता. का, ते पाचव्या मजल्याच्या वळणावर त्याच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत त्याला जिना लागायचा तो एकाच वेळी: लिफ्ट बंद पडलेली, आत कुणीतरी अडकलेलं, आणि दारावर आतून थापा. पायांना तेवढंच ठाऊक होतं. आज वर कुणीही अडकलेलं नव्हतं.

बाईंचे प्रश्न मात्र संपत नव्हते. गोरिला रागावला तर काय करायचं? खाली बसायचं आणि त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा आम्हीही हेच करायचो, बाई म्हणाल्या. सर्दी असली तर? जाऊ देत नाहीत, आपली सर्दी त्यांना लागते. बोलता बोलता बाईंनी पर्समधून किल्ली काढली तेव्हा मेकॅनिक गोरिलाच्या नाकाच्या वळ्या आणि त्यांवरून माग काढणारे लोक त्याला कसे ओळखतात, या मुद्द्यावर होता.

पिशवी आत ठेवून त्याने घड्याळ बघितलं. परवान्यांची मुदत संपत आली होती. दाराशी उभं राहून त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, आज काही व्हायचं नाही. साहेबांनी जिना बंद केलाय, वर बाईंचं सामान पोचवण्यात वेळ गेला, आणि त्यांनी इतके प्रश्न विचारले की माझं सगळं प्राणिशास्त्र संपलं. तू पोरीला सांग, सहलवाल्याला म्हणावं फक्त जीपचं करा. सिंहालाही सुळे असतातच, तेवढ्यावर भागव. मी कुठे नाही म्हणतोय, वाईट मलाही वाटतंय, पण—"

"बोलताय कुठून?"

"बाईंच्या दारातून."

"म्हणजे अकराव्यावरून?"

"हो."

"लिफ्टने आलात?"

"छे. बाई कुठल्या लिफ्टने येतायत, त्यांच्या मागे मागे..."

पलीकडे बायको लेकीला हाक मारत होती. "अगं ए, भर पैसे. तिघांचे. लवकर, ते परत बोलायला लागायच्या आत."

"कुणी अडकलंय का?" बाईंनी आतून विचारलं.

"नाही बाई," मेकॅनिक म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "सगळे सुटले."

"मग मला खाली न्या. दूध आणायचं राहिलं. तुमच्या त्या लिफ्टने."

बाईंना लिफ्टमध्ये बघून सातव्यावरचं जोडपं आत शिरलं, मग चौथ्यावरचे दोघं, त्यांचा धीर बघून तिसऱ्यावरचा पोरगेला शिंपी. लिफ्ट हसतखेळत खाली निघाली. मेकॅनिकने पाटीवरच्या वजनाकडे बघितलं, मग माणसांकडे.

"अजून एखादं पिल्लू मावेल," तो म्हणाला. फक्त बाईंनाच कळलं.