मदरबोर्ड ठरत नव्हता

बाकी सगळं सामान आलं होतं. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, एका बाजूला काच असलेली काळी केस. जर्मनीत, ब्योब्लिंगेनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागे खोकी रचून ठेवली होती आणि व्हॅक्यूम करताना मालिनी रोज ती पायानं सरकवत होती. अडलं होतं ते मदरबोर्डपाशी.

तिच्या नवऱ्यानं, देवदत्तनं, लेकीला शब्द दिला होता. उर्जा ऑक्टोबरात स्टुटगार्टला आर्किटेक्चर शिकायला जाणार होती. इमारतींची थ्रीडी मॉडेल्स पेलणारा कॉम्प्युटर दोघांनी मिळून घरी जोडायचा, असं ठरलं होतं. पुण्यात कॉलेजात असताना देवदत्तनं अर्ध्या सोसायटीचे कॉम्प्युटर जोडून दिले होते, त्याला यात नवीन काहीच नव्हतं.

"साध्या चिपसेटचा बोर्ड घेतला तर दुसरी एसएसडी लावल्यावर एक स्लॉट बंद होतो," तो जेवताना सांगायचा. "वरचा घेतला तर त्यातलं निम्मं तुला लागणारच नाही. आणि बोर्डावरचं बायोस, म्हणजे त्याचं मूळ सॉफ्टवेअर, जुनं निघालं, तर तो हा प्रोसेसर ओळखणारच नाही."

"एगाल, बाबा," उर्जा म्हणायची. म्हणजे कुठलाही चालेल. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं.

खरं तर देवदत्तचं पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं. साध्या चिपसेटचा बोर्ड उर्जाला पुरेसा होता. पण बोर्ड घरी आला, की त्यात प्रोसेसर बसवावा लागणार होता. बोर्डावरच्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक पिनांचं शेत असतं. प्रोसेसर दोन्ही कडांना धरून, अलगद, सरळ खाली ठेवायचा. हात हलला, प्रोसेसर तिरका पडला, की पिना वाकल्या आणि बोर्ड गेला.

आणि त्याचा उजवा हात हिवाळ्यापासून थरथरत होता.

आधी नुसता अंगठा. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये, हात मांडीवर निवांत पडलेला असताना, अंगठा आपला आपण हलायला लागायचा. मग बोटंही. देवदत्त हात खिशात घालायचा, नाहीतर मांडीखाली दाबून बसायचा. सांगलीला त्याच्या वडिलांना त्यानं पाहिलं होतं. ओठापर्यंत जाताजाता आमटीचा चमचा रिकामा व्हायचा, आणि आई न बोलता नॅपकिन पुढं करायची. चमचा वाटीवर आपटायचा, तो आवाजसुद्धा त्याच्या लक्षात होता.

म्हणून तो चिपसेटची तुलना करत राहिला. मालिनीला त्यानं काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे कुणीतरी नाव देणार, आणि नाव मिळालं की ते मागं घेता येत नाही.

एका शनिवारी दुपारी उर्जा स्टुटगार्टहून एस-बान लोकलनं परतली, ती मदरबोर्डचं खोकं हातात घेऊनच.

"तुला रिव्ह्यू वाचून वाचून वेड लागलंय," असं काहीतरी ती जर्मनमध्ये म्हणाली आणि तिनं जेवणाचं टेबल पुसून घेतलं. बोर्ड साध्या चिपसेटचाच होता.

देवदत्तनं हात धुतले, पुन्हा धुतले. सॉकेटची पट्टी उचलली. प्रोसेसर कडांना धरून उचलला आणि सॉकेटवर आणला. क्षणभर हात स्थिर राहिला. मग बोटं हलायला लागली. त्यानं श्वास रोखला, कोपर टेबलावर टेकवलं. प्रोसेसर आणखीच थरथरला.

"बाबा, ठेव खाली," उर्जा म्हणाली. मराठीत.

त्यानं तो डबीत परत ठेवला. "कॉफी जास्त झाली."

"कॉफी नाही. आरतीच्या वेळी पण ताट हलत होतं. मी बघितलं." तिचे डोळे भरले होते. "आजोबांना होतं, तेच आहे?"

"माहीत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलोच नाही."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मालिनी दारात उभी होती, हात ओले. तिनं दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?"

देवदत्तनं उजवा हात टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच लपवला नाही. दोघी त्याच्याकडे बघत होत्या आणि हात हलत होता.

मालिनी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "सोमवारी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, हाउसआर्ट्स्टकडे जायचं. मी येणार. आणि टेर्मिन नाही, वेळ मिळणार नाही असं म्हणाले, तर तिथंच बसून राहीन."

प्रोसेसर उर्जानं बसवला. देवदत्त सांगत गेला, तिनं तसं केलं. कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा पंखे फिरले, पण स्क्रीन काळाच. उर्जानं खुर्चीची कड घट्ट धरली. "नवीन बोर्ड पहिल्यांदा मेमरी तपासतो, वेळ लागतो," देवदत्त म्हणाला, पण त्यालाही ते खात्रीनं म्हणता येत नव्हतं. मग स्क्रीन उजळला. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

हाउसआर्ट्स्टनं त्याला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. स्टुटगार्टमधल्या एका चढावरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक गोल गोल रेघ काढायला लावली. पुढं आणखी तपासण्या झाल्या. पार्किन्सन्सच होता, अगदी सुरुवातीचा.

"काम किती वर्षं करता येईल?" त्यानं विचारलं.

"नेमकं कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गोळ्या आणि व्यायाम नीट चालू ठेवलात, तर पुष्कळ."

बाहेर पडल्यावर उतारावर मालिनी त्याच्या पुढं पुढं चालत राहिली. स्टेशनपाशी थांबली आणि वळली.

"इतके महिने एकटाच घाबरत बसलास," ती म्हणाली. "मला राग कशाचा येतोय माहितीये? तू शेजारी झोपायचास आणि मला कळलं नाही, याचा."

देवदत्तची भीती गेली नव्हती, फक्त आता तिला नाव मिळालं होतं. त्यानं फोन काढला.

"उर्जाला मी सांगतो," तो म्हणाला. "मीच सांगायला हवं."

मालिनीनं मान डोलावली आणि तो बोलत असताना त्याच्या जवळ उभी राहिली.