चौदाची चाकं

आमच्या घरात बाईनं गाडी चालवायची पद्धत नव्हती. बाईनं गाडीत बसायचं, तेही मागं, आणि मांडीवर डबा धरायचा. मी ही पद्धत एका फियाटमध्ये बसून मोडीत काढली, पण निम्मीच. शहराच्या आत मोडायची हिंमत मला नव्हती आणि माझ्या नवऱ्यालाही नव्हती.

नवऱ्याचं नाव प्रभुलिंग. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत. अडतीवर हे असं तोंड करून बसायचे की हमालांना वाटावं, या माणसाला हसायचं कसं ते कुणी शिकवलंच नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र म्हणायचे, "चल बसव्वा, हवा खाऊन येऊ," आणि सासूबाईंच्या देखत मला पुढं बसवायचे. तेवढ्यावरच सासूबाईंचं तोंड दिवसभर वाकडं व्हायचं. पुढचं त्यांना कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

गाडी पुण्याच्या रस्त्याला लागायची. शिरोलीत यांचे मामेभाऊ, टोपला माझी नणंद दिलेली. पेठ वडगावातही पाहुणे होते, पण ते हायवे सोडून आत. म्हणजे टोप मागं पडलं की आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वडाची झाडं, सगळी एकसारखी, कुठलं झाड आपलं ते ध्यानात राहायचं नाही. म्हणून यांनी मीटर धरला. दारातून निघताना बघायचा आणि सतरा किलोमीटर झाले की गाडी डावीकडे घ्यायची. हे उतरायचे, बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला यायचे. फियाटला पुढं एकच लांब सीट. तेवढ्यात मी साडी आवरत स्टेअरिंगमागं सरकलेली असायची. हे दार ओढून घेऊन म्हणायचे, "आता तुझं राज्य."

कासेगावपर्यंत माझं राज्य. तिथं चहा प्यायचा, मागं फिरायचं आणि त्याच जागी आल्यावर पुन्हा अदलाबदल. शहरात शिरताना मी परत हात मांडीवर ठेवून बसलेली सून.

गाडी मोठी गुणी होती. चाकं चौदाची, म्हणजे चौदा इंची, उंच आणि बारीक, खड्डे पोटातलं पाणी न हलवता गिळायची. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना मात्र दंडाला पीळ पडायचा. "आधी गाडी हलू दे, मग वळव," एवढंच हे सांगायचे, मदत करायचे नाहीत. मला राग यायचा आणि त्याच रागात मी गाडी शिकले.

अठ्ठ्याण्णव साली हे गेले. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. आता मला अडवणारं कुणी उरलं नाही. दसरा चौकातून, बिंदू चौकातून, हवी तिथून गाडी न्यावी. लोक कौतुकानं बघायचे. मला ते कौतुक नको होतं. मला ती चोरी हवी होती, आणि चोरीतला जोडीदार हवा होता. हे मी उघड सांगते, कुणाला काय वाटायचं ते वाटो.

पुढं माझा खांदा धरला. माझा मुलगा महांतेश गुणाचा आहे, म्हणजे सांगितलेलं करतो आणि न सांगितलेलंही करतो. मी दवाखान्याच्या खेपा घालत होते, तेवढ्यात यानं फियाट उद्यमनगरात आकारामच्या गॅरेजला नेली. आकारामनं जुन्या चाकांचा मधला भाग कापून तेराच्या रिंगांना जोडला आणि वर नव्या छोट्या गाड्यांचे बुटके टायर चढवले. स्टेअरिंग लोण्यासारखं झालं. एका हातानं वळावी. जागेवरून उसळी मारून निघायची. महांतेश दारात उभा राहून विचारत होता, "अव्वा, कशी वाटते?" मी बरी म्हणाले. पोराचं मन मोडवलं नाही.

पण गाडी खुजी झाली होती. स्पीडब्रेकरला पोट घासायचं, लहान खड्डासुद्धा थेट कंबरेत कळायचा आणि साठवर गेलं की इंजिन केकाटायचं. खांद्यासाठी मी तेही सोसलं.

त्याच सुमारास हायवे चौपदरी व्हायला लागला आणि वडाची झाडं तोडली. सगळीच्या सगळी. बातमी वाचली त्याच आठवड्यात मी गाडी काढली. मग मला नादच लागला. सुट्टी आली की एकटी निघायचे. झाड नसलं तरी मीटर होता. सतरा झाले की गाडी बाजूला घ्यायची आणि बसून राहायचं. कधी पाच मिनिटं, कधी डोळे सुजेपर्यंत. एकदा तिथं थांबल्यावर मला वाटलं, टोप तर आत्ताच मागं पडलं, पूर्वी ते या जागेच्या इतकं जवळ नव्हतं. पण रस्ता रुंद झाला की गावं जवळ आल्यासारखी वाटतात, अशी मीच माझी समजूत घातली.

तिथल्या उसाचा राखणदार केरबा एक दिवस काचेवर टकटक करून म्हणाला, "आक्का, प्लॉट बघाय आलायसा व्हय? मालक इकणार न्हाय बरं का."

"मला नको तुझा प्लॉट," मी डोळे पुसत म्हणाले.

"मग रडतायसा कशाला? दुसरीकडं मिळंल की!"

त्या दिवशी रडता रडता हसू आलं. आल्यावर ही गंमत कुणाला सांगावी म्हणून घरभर फिरले आणि सांगायचं माणूस कोण होतं ते आठवल्यावर पुन्हा बसून राहिले.

दोन वर्षांत टायरांना टक्कल पडलं. मी गॅरेजला जाऊन आकारामवर तडकले. जुने टायर किती चालायचे, हे निम्म्यात कसे गेले?

"वैनी, चाक ल्हान हाय," तो म्हणाला. "तेवढ्याच रस्त्याला त्येला गिरक्या जादा माराव्या लागत्यात. जादा फिरतंय, जादा घासतंय. आन् मीटरवरबी जाऊ नगासा. मीटर गिरक्या मोजतोय, रस्ता न्हाय."

"म्हणजे? सतरा दाखवतो तेव्हा किती असतात?"

"पंधराच्या आत-भाईर."

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. म्हणजे दोन वर्षं मी भलत्याच जागी रडत होते. आमच्या जागेच्या दोन किलोमीटर अलीकडे, टोपच्या शिवेवर, बहुतेक नणंदेच्याच उसाच्या बांधाला. ज्या बाईपासून तोंड लपवत आम्ही सतरा किलोमीटर जायचो तिच्याच दारात! मला इतका संताप आला की आकारामनं आणलेला चहा मी तसाच ठेवला.

घरी महांतेश म्हणाला, "अव्वा, साधा हिशोब आहे. दोन किलोमीटर पुढं जाऊन थांब."

"आणि ते दोनच कशावरून?" मी म्हणाले. "आकाराम नुसतं आत-भाईर म्हणाला. मला अंदाजानं जायचं नाही. मला चौदाची चाकं हवीत."

"खांद्याचं काय?"

"खांदा माझा आहे."

आकारामनं इचलकरंजीच्या एका मोडक्या फियाटची चाकं शोधून आणली. गाडी पुन्हा उंच झाली. पहिल्याच वळणाला खांद्यातून कळ गेली आणि मी ओठ दाबून गाडी आधी हलू दिली, मग वळवली.

पुढच्या सुट्टीला दारात मीटर बघून निघाले. शिरोली गेली, टोप गेलं. केरबाचा ऊस गेला, तिकडं मी बघितलंसुद्धा नाही. सतराला गाडी डावीकडे घेतली.

एका बाजूला सिमेंटचं गटार होतं आणि समोर बाथरूमच्या फरशांची भलीमोठी जाहिरात. ओळखीचं काहीही नव्हतं. झाडाचा बुंधादेखील नाही. मी वाट बघत बसले, पण डोळ्यांत पाणी येईना. इतका अट्टहास करून आले आणि काहीच होईना, याचीच मला भीती वाटली.

मग मी उतरले. यांच्यासारखा बॉनेटला वळसा घालून डावीकडे गेले, आत बसले आणि दार ओढून घेतलं.

उजवीकडे रिकामी सीट होती. तिथं आता एक बाई असायला हवी होती, चाळिशीची, पदर खोचलेली, आरसा नीट करणारी, भीतीनं आणि आनंदानं लाल झालेली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी तीच होते, मला कशी दिसणार? तिला पाहिलेला माणूस जगात एकच होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, मला फक्त हे परत हवेत. आता कळलं की ती बाईही मला परत हवी आहे, आणि यांच्यावाचून ती कुणालाच दिसणार नाही. मी मोठ्यानं रडले. ट्रक शेजारून जात होते, कुणाला ऐकू गेलं नसेल.

कुणीतरी गाडी घरी न्यायला हवीच होती. मी साडी आवरली आणि उजवीकडे सरकले.