मनवारीची डबी

हसू नका. मी पितळेची डबी बोलतेय. मुठीत मावेन एवढी, पण तोरा पाटलिणीचा! मारवाडात मला ठोकून घडवलं, आणि प्रेमचंदशेठच्या आजोबांच्या कनवटीला बसून मी शहाद्यात आले. माझ्या पोटात असायचं अमल. म्हणजे अफू.

सगाई असो की भावकीतलं भांडण मिटवणं, घरधनी माझं झाकण उघडायचा, चिमूटभर अमल तळहातावर घेऊन पाहुण्यापुढे धरायचा. ही मनवार. पाहुण्याने मान वाकवून ओठांनी टिपायचं. नाही म्हटलं तर घरधन्याचं नाक कापलं! पुढे किती जणांचे हात अमलावाचून थरथरू लागले, ते कोण बोलतो?

मग अमल बंद झालं, माझ्यात लवंगा आल्या. बरं चाललं होतं.

एकदा पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीने शेठच्या पोराला, रिषभला उडवलं. मांडी मोडली, आत सळई बसवली, दुखण्यावर अफूच्याच जातीच्या कॅप्सूल मिळाल्या. हाड जुळलं, कॅप्सूल सुटल्या नाहीत. लवंगा ओतून त्याने त्या माझ्यात लपवल्या, तेव्हाच ती बोटांची थरथर मी ओळखली. मला काय फसवतो!

बायकोने, अल्पनाने, त्याला धरून नंदुरबारला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तलफ आवरणारी, जिभेखाली धरायची गोळी दिली, रोज एक, सांगेपर्यंत. रिषभ जेवू लागला, दुकानात बसू लागला.

शेठ बिथरले. "एक नशा सोडवायला दुसरी? आपल्या घरात बाया आठ-आठ दिवस निरंकार उपास करतात! पचखाण घे."

पचखाण म्हणजे त्यागाचा नेम. हात जोडून घेतला पोराने. कॅप्सूल नाही, गोळीही नाही.

अरे, उपासाने भूक मारता येते. हे रक्तात मुरलेलं, त्याला तुमचा नेम काय ठाऊक? रिषभ ओकला, लोळला, हाडं फुटल्यासारखा ओरडला. शेठ दाराबाहेर माळ ओढत बसले. ओरडणं थांबलं तेव्हा म्हणाले, "बघा, सुटलं."

आणि एका दुपारी त्याने पूर्वीएवढ्याच कॅप्सूल गिळल्या. शरीराची सवय मोडली होती, आता तेवढ्याच जीव घेतील, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एसटी स्टँडामागे निळा पडला. मी त्याच्या खिशात. छाती हलेना!

भिला रिक्षावाल्याने ओळखून अल्पनाला बोलावलं. "वहिनी, श्वास शे अजून! बोलत ऱ्हा त्यान्हासंगे, निजू देऊ नका!" म्हणत त्याने दवाखान्यापर्यंत रिक्षा पिटाळली.

वाचला. डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितलं. पण तो भिंतीकडे तोंड करून पडला. "पचखाण मोडलं मी. मरू द्या." अल्पनाने पाय धरले, तरी दात उघडेनात.

तेव्हा नोजीबाई उठली. शेठची आई. तिने मला चिंचेने घासलं, आत एक गोळी ठेवली आणि मला शेठपुढे आदळलं.

"प्रेम्या, मनवार घरधनी करतो. ऊठ."

"माँ, ही काय थट्टा?"

"तुझा आजा हिच्यातून विष वाटायचा, ती इज्जत. औषध वाटायची लाज वाटते होय रे? नेम पाळायला पोरगं उरायला नको?"

शेठ उठले. गोळी तळहातावर घेतली. हात पोरापुढे धरला. "रिषभ..." पुढचा शब्द फुटेना. तो म्हातारीने पुरवला, "म्हारी मनवार है बेटा, ना मत कर."

बाप हात पुढे धरून उभा, पोराची पाठ भिंतीसारखी. मग पाठ वळली. मान वाकली. ओठांनी गोळी टिपली.

उद्याचं विचारू नका. उद्या तो दात आवळेल की मला खिडकीबाहेर भिरकावेल, मला ठाऊक नाही. पण तुमच्या घरात असं कुणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याला नेम घालू नका. दवाखान्यात न्या, आणि घरी हात पुढे धरा.

गोळी अजून जिभेखाली विरघळतेय. शेठचा ओला तळहात अजून तसाच पुढे आहे.