कानसेन आणि तीन हेडफोन

स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि त्यात थट्टा नव्हती. बाहेरच्या मालिकांना आपल्या भाषेतले आवाज द्यायचे, हे तिथलं काम. त्याने शेवटचं ऐकून मान डोलावल्याशिवाय एकही भाग दाराबाहेर पडत नसे. वाक्याच्या आधी कलाकाराने घेतलेला श्वास किती ठेवायचा आणि किती कापायचा, हे तो असं ठरवायचा की ऐकणाऱ्याला कात्री लागल्याचं कळूच नये.

तर असा माणूस हल्ली रोज सकाळी स्टुडिओचा जिना चढताना मध्येच थांबायचा. कारण एकच. आपण बहिरे होत चाललोय, असं त्याला वाटत होतं.

उगाच वाटत नव्हतं. त्याने मिक्स केलेले भाग परत यायला लागले होते. आवाज घुमतात, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखे येतात, अशी तक्रार. तो पुन्हा बसून ऐकायचा, तर त्याला काहीच घुमायचं नाही. उलट आवाज किरकोळ वाटायचे, खालचा भरदार बेस जाणवायचाच नाही, म्हणून हा बाबा आणखी बेस चढवायचा आणि भाग पुन्हा परत यायचा. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आल्यापासून, त्यांना त्रास नको म्हणून, मिक्सिंगच्या खोलीतले मोठे स्पीकर बंद होते, सगळं काम हेडफोनवर. तेव्हा त्याने खापर हेडफोनवर फोडलं. जुने झालेत, गाद्या फाटल्यात, नवे घ्या.

तपासून घ्यायचे ना मग कान, असं तुम्ही म्हणाल. अहो, सांगायला काय जातंय! त्याच्या वडिलांचे कान ऐन उमेदीत गेले होते. जन्म छापखान्यात गेला, यंत्रांच्या धडधडाटात. आधी लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले, मग हातवारे करायला लागले, मग बोलायचेच थांबले. हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. पुढे कमावता झाल्यावर त्याने वडिलांना कानामागे लावायचं चांगलं यंत्र आणून दिलं, तर म्हाताऱ्याने चार दिवस लावून खणात टाकलं. "टोचतं," म्हणे. घरात सगळ्यांनी समजावलं, रागावले, शेवटी हट्टी म्हणून नाद सोडला. आता वडील दिवसभर खिडकीशी बसत, आणि गेले काही आठवडे तो त्यांच्या शेजारी बसायचं टाळत होता. त्यात भर म्हणून बायको हल्ली त्याच्याशीही आवाज चढवून बोलायला लागली होती. का, ते विचारायचा त्याला धीर होत नव्हता.

स्टुडिओचा मालक म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्या दिवशी सकाळी त्याने कानसेनला पायऱ्यांवरच गाठलं.

"भावोजी, राग मानू नका. तीन प्रकारचे हेडफोन आणलेत दुकानातून, आजच्या दिवसापुरते. आपल्याला परवडतील असेच आहेत. सगळ्यांनी मिळून ऐकू आणि एक ठरवू."

"बरं झालं. राग कसला त्यात?"

मेहुण्याने दाराच्या कडीशी चाळा केला. "ते मोठं काम मिळालंय ना, त्याच्या पार्टीचा फोन होता. ते म्हणतात, मिक्सिंगला दुसरं कुणीतरी बसवा. मी हो म्हटलेलं नाही. पण आज ऐकून काय ते ठरवायला लागेल. धाकटीही ऐकणार आहे."

कानसेन बरं म्हणाला. दुसरं काय म्हणणार? खुर्ची जाणार हे एक, पण ती का गेली हे उद्या सगळ्या गावाला कळणार, आणि मग लोक याच्याशीही हातवारे करून बोलणार.

धाकटी म्हणजे तिथली दुसरी साउंड इंजिनिअर. वयाने लहान, कामात चोख, आणि सगळं त्याच्याच हाताखाली शिकलेली. तिने टेबलावर तीन हेडफोन मांडून ठेवले होते, तिन्ही काळे, कान पुरते झाकणारे, मागून बंद. तिन्हींचा आवाज तिने मोजून सारखा केला होता, कारण जरा मोठा वाजणारा हेडफोन माणसाला नेहमीच चांगला वाटतो. ही युक्ती तिला त्यानेच शिकवलेली. तिसरी ऐकणारी होती आत्याबाई. मालिकांमधल्या तमाम खाष्ट आत्या तिच्या आवाजात बोलत, म्हणून हे नाव पडलेलं.

दुपारपर्यंत प्रत्येकाने प्रत्येक हेडफोन लावून आपापलं रोजचं काम करायचं, असं ठरलं. डोक्याला किती दाबतो, कान किती तापतात, हे घटकाभर लावून कळत नाही.

पहिला हलका होता, डोक्यावर असल्याचं समजायचंही नाही. पण आत्याबाईचा प्रत्येक 'स' त्यात फुत्कारायचा. कानसेनने ते लगेच टिपलं आणि त्याला तेवढ्यापुरता धीर आला. तिसरा मखमली गाद्यांचा, लावला की डुलकी यावी असा. तो घालून आत्याबाई माइकसमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या कानातली मूळ भाषेतली वाक्यं बाहेर झिरपून माइकमध्ये शिरली. "बंद म्हणे! माझं तोंड याच्यापेक्षा जास्त बंद असतं," ती म्हणाली, आणि मेहुणाही हसला.

अडचण दुसऱ्याची होती. तो जड. पकड अशी की कानसेनच्या चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतायला लागल्या. हा चष्मा नवाच होता, स्क्रीनवरची अक्षरं दिसेनाशी झाल्यावर घेतलेला. रुंद काड्यांची काळी फ्रेम बायकोने पसंत केली होती. त्याने चष्मा जरा वर सरकवला, हेडफोन जरा सैल केला, आणि डोळे मिटून ऐकलं.

"याला बेस जरा जास्तच आहे ना सर?" धाकटीने विचारलं. "छातीत धडधडतंय नुसतं."

त्याला काही धडधडत नव्हतं. आवाज येत होता तो कोरडा, पातळ, रोजच्यासारखा.

"हो," तो म्हणाला. "जरा जास्तच आहे."

"किती जास्त वाटतोय, भावोजी?" मेहुण्याने मागून विचारलं. तो केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

"असेल थोडा. सवय होते."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती तिची खाली गेलेली मान त्याला फार लागली. चोराला चोर म्हणून ओळखल्यावर ओळखीचा माणूस जसा नजर फिरवतो, तसं झालं ते.

जेवण त्याला गेलं नाही. डबा तसाच बंद करून तो हात धुवायला गेला आणि नळाखाली बराच वेळ हात धरून उभा राहिला. सांगून टाकावं का? स्वतः सांगितलं तर निदान अब्रूने उठता येईल. शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आले होते. मग त्याला खिडकीशी बसलेले वडील आठवले आणि तो मूग गिळून परत आला.

"आता शेवटची फेरी," मेहुणा म्हणाला. "डोळे बांधून ऐकायचं. कुठला हेडफोन आहे ते बघून मत द्यायचं नाही. ऐकवणार काय, तेही मी सांगणार नाही."

आत्याबाईने गळ्यातला स्कार्फ काढून दिला. आधी तिची पाळी झाली, मग धाकटीची. दोघींनी काय सांगितलं ते मेहुण्याने कागदावर टिपून घेतलं. कानसेन बाहेर बाकावर बसून होता. सगळ्यात शेवटी त्याला आत बोलावलं.

तो खुर्चीवर बसला. त्याचीच खुर्ची, हातांच्या घामाने काळी पडलेली. चष्मा काढून त्याने शर्टाच्या खिशात ठेवला. आत्याबाईने स्कार्फ बांधला, त्याला खोकल्याच्या गोळ्यांचा वास होता. कुणीतरी डोक्यावर हेडफोन चढवला. कानांभोवती गाद्या गच्च बसल्या आणि खोली नाहीशी झाली.

मग आवाज सुरू झाला.

एक म्हातारा आपल्या मुलीशी बोलत होता. बोलत कसला होता, विहिरीतून ओरडत होता. प्रत्येक शब्दाला शेपटासारखा घुमारा, मागचं संगीत पोटात ढवळतंय, आणि मुलीचं बोलणं त्यात पार बुडून गेलेलं. कानसेनचे हात आपोआप वर आले. भीतीबिती तो विसरूनच गेला. त्याला संताप आला.

"थांबव. हे कुणी केलंय?"

आवाज थांबला.

"अरे, कुणी केलंय हे? काय अक्कल गहाण ठेवली होती का? खालचा बेस किती चढवलाय बघा! ही पोर काय बोलतेय ते ऐकू तरी येतंय का कुणाला?"

"भावोजी," मेहुण्याचा आवाज अगदी हळू आला, "हे तुम्हीच केलंय. परवा परत आलेला भाग आहे."

त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. डोळ्यांवर स्कार्फ, वर आलेले हात तसेच हवेत.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

धाकटीने पुन्हा लावलं. ऐकता ऐकता तो सांगत गेला. संगीताचा तळ काप. म्हाताऱ्याचा आवाज खालून हलका कर. अजून. अजून थोडा. आता पोरीला हात लावू नकोस, तिचा श्वास ऐक, राहू दे तो. घुमारा उतरत गेला आणि आतून ती दोन माणसं मोकळी झाली, बाप आणि मुलगी, स्वच्छ. त्याला सगळं ऐकू येत होतं. सगळंच्या सगळं. स्कार्फ डोळ्यांजवळ ओला झाला होता.

"मग त्या दिवशी हे ऐकू आलं नाही तुम्हाला?" मेहुणा विचारत होता. रागाने नाही, त्याला खरंच उलगडा होत नव्हता.

कानसेनलाही होत नव्हता. त्याने स्कार्फ सोडला, स्क्रीन दिसेना म्हणून चष्मा घातला, आणि हेडफोन पुन्हा चढवून तोच तुकडा लावला. बेस गायब. आवाज कोरडा, पातळ, रोजच्यासारखा. पायाखालची जमीनच सरकली. आत्ता तर येत होतं!

त्याने हेडफोन काढला. चष्मा काढला. हेडफोन घातला. बेस आला.

चष्मा घातला. गेला.

धाकटीच्या डोक्यात त्याच्या आधी उजेड पडला. तिने टेबलावरची पेन्सिल उचलली, त्याच्याकडून हेडफोन घेऊन आपल्या कानांवर चढवला आणि गादी न् कानशील यांच्यामध्ये पेन्सिल आडवी सरकवली.

"फट," ती म्हणाली. "सर, फट पडतेय. काडीमुळे गादी टेकतच नाही. सगळा बेस तिथून निघून जातोय, आणि येत नाही म्हणून तुम्ही चढवत बसता."

आत्याबाईने पेन्सिल लावून ऐकलं, मेहुण्यानेही ऐकलं. मग मेहुणा कपाळाला हात लावून खालीच बसला. "भावोजी, अहो, एकदा तोंड तरी उघडायचं होतं. मी रात्र रात्र झोपलो नाही. ताईला काय सांगू, हेच डोक्यात."

"बाबांसारखं झालं, असं वाटलं मला," कानसेन म्हणाला. एवढं बोलला आणि त्याला हुंदका आला. हसूही आलं. दोन्ही एकदम आलं की माणसाचा चेहरा फार विचित्र दिसतो. आत्याबाईने स्कार्फ पुन्हा त्याच्या हातात दिला.

तिन्हींतला तो जड, दुसऱ्या नंबरचा हेडफोन घ्यायचं ठरलं. कानसेनने बारीक काड्यांचा चष्मा करून घ्यायचा, आणि तोवर शेवटचं ऐकायचं ते चष्मा काढून. खुर्ची त्याचीच राहिली. मेहुण्याने त्याच्यासमोरच पार्टीला फोन करून तसं सांगून टाकलं.

तो घरी आला तेव्हा उन्हं उतरली होती. बायकोने दार उघडलं आणि मोठ्याने विचारलं, "जेवलात का नीट?"

"मला ऐकू येतं गं," तो म्हणाला. "ओरडतेस कशाला?"

"मग काय करू? चारदा हाक मारली तरी तुमचं लक्ष नसतं. कुठल्या तंद्रीत असता, देव जाणे."

एवढंच होतं होय ते. त्याचा जीव भांड्यात पडला. चपला काढून तो आत गेला.

वडील खिडकीशी बसले होते, नेहमीच्या जागी. आज तो त्यांच्या शेजारी बसला. त्यांनी वळून पाहिलं आणि बरं वाटल्यासारखी मान हलवली. जाड भिंगांचा चष्मा, त्याच्या रुंद काड्या कानांमागे पार खाली वळलेल्या. कानसेन त्या काड्यांकडे बघत राहिला.

मग तो उठला. खणातून यंत्राची डबी काढली, आणि वडिलांच्या समोर बसून त्यांना ओठ दिसतील असं, सावकाश विचारलं, "बाबा, कुठे टोचतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. घालत का नाही, एवढंच सगळे विचारत आले होते. वडिलांनी चष्मा काढला आणि कान दुमडून मागची बाजू दाखवली. काडी आणि यंत्र, दोघांना बसायला तिथे एकच जागा. कातडीवर एक जुना, काळा पडलेला वळ होता.

त्याने वळावर हलकेच बोट ठेवलं. "सांगितलं का नाहीत, बाबा?"

वडिलांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. "सांगितलं होतं की," ते म्हणाले. "ऐकतंय कोण?"