गाडी सुरू न होण्याचं कारण

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर गिरिधरराव हैदराबादला गेले आणि येताना तिथल्या एका जुन्या घराण्याची परदेशी गाडी घेऊन आले. जालन्यात तेव्हा अशी गाडी लग्नाच्या वरातीतसुद्धा दिसत नव्हती. गडद निळी, लांबलचक, आत चामड्याच्या खुर्च्या. क्लच नाही, गिअरही आपोआप बदलणारे. गल्ली बघायला लोटली. अरुंधतीबाईंनी दारातूनच नमस्कार केला आणि म्हणाल्या, "या वयात मला सवत आणलीत होय!"

पण महिन्याभरात गाडी त्यांचीच झाली. गिरिधरराव बॉनेट उघडून आत डोकं घालायचे, आणि अरुंधतीबाई चालवायच्या. भाजी बाजार, भजनी मंडळ, आणि महिन्यातून एकदा जांब समर्थला, माहेरी. म्हातारी आई तिथे एकटी होती.

गाडीला एकच खोड होती. कधीमधी चावी फिरवली की दिवे लागायचे, पण इंजिन फिरवणारा सेल मारायचा नाही. टक् नाही की टुक् नाही. गिरिधरराव बॅटरीचे टर्मिनल घासायचे, नट आवळायचे, पुन्हा चावी फिरवायचे, आणि गाडी सुरू व्हायची. आपणच दुरुस्त केली म्हणून ते खूश व्हायचे. मग पुढचे बरेच दिवस काही नसायचं.

त्या वर्षीच्या एप्रिलात भर दुपारी अरुंधतीबाई स्वयंपाकघरात खाली बसल्या. अंगाला दरदरून घाम, डावा हात बधिर. घरकाम करणाऱ्या साळूबाईनं आणि गिरिधररावांनी त्यांना धरून गाडीत पुढच्या खुर्चीवर टेकवलं. साळूबाई मागे बसून त्यांचे खांदे धरून राहिली. गिरिधररावांनी चावी फिरवली. दिवे लागले, पण सेल काही लागेना.

त्यांनी बॉनेट उघडलं, टर्मिनल ठोकले, परत आले. पुन्हा चावी. पुन्हा काही नाही. परत बॉनेट. शेवटी ते अनवाणी पळत गल्लीच्या टोकाला गेले आणि शेजाऱ्यांची जीप घेऊन आले. दवाखान्याच्या फाटकाशी अरुंधतीबाईंचा हात त्यांच्या हातात सैल पडला. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी..." आणि पुढचं त्यांनी गिळून टाकलं.

दिवसकार्य उरकलं. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "बाबा, ती गाडी आधी विकून टाका."

"विकीन," गिरिधरराव म्हणाले. "आधी ती का सुरू झाली नाही ते कळू दे."

अंबडच्या रस्त्यावर कडूबाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तो यायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं चावी फिरवली आणि गाडी झटक्यात सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानं बॅटरी बदलून पाहिली, अर्थिंगची वायर नवी टाकली, सेल खाली उतरवून त्याचे कार्बन बदलले.

"साहेब, माल एकदम बराबर हाय," तो म्हणाला. "गाडी बंद पडल्याबिगर दोष कसा घावायचा? म्या आलो की ही गुमान सुरू होऊन राह्यली."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. गिरिधरराव रोज सकाळी आंघोळ झाली की गाडीत बसायचे आणि चावी फिरवायचे. गाडी सुरू झाली की त्यांचा चेहरा पडायचा. मुलाचे फोन येत होते. ते म्हणायचे, "सापडत नाही रे अजून."

थंडीत एका सकाळी कडूबा सहज चौकशीला आला, फाटकातच उभा होता, आणि गिरिधररावांनी चावी फिरवली. काहीच नाही.

"साहेब!" कडूबा ओरडला. "हलू नका! चावी हाय तशीच धरून ऱ्हावा!"

त्यानं खिशातून करंट तपासायची, बल्ब लावलेली वायर काढली. सेलच्या वायरवर टेकवली. बल्ब लागेना. म्हणजे करंट सेलपर्यंत येतच नव्हता. मग तो वायरीचा माग काढत उलटा निघाला. चावीतून करंट बाहेर पडत होता. पुढे ती वायर दोन खुर्च्यांच्या मधल्या गिअरच्या दांडीखाली जात होती, आणि तिथून पुढे बल्ब विझलेला.

"हितं हाय," कडूबा म्हणाला. "दांडी पार्किंगला नसली तर सेल लागू नये म्हणून खाली पितळेची पट्टी असती. ती झिजली. कधी टेकती, कधी न्हाई. तुम्ही चावी धरा अन् दांडी जराशी हलवा."

गिरिधररावांनी दांडीवर हात ठेवला, किंचित पुढे सरकवली. इंजिन धडधडून सुरू झालं.

अंगणात झाडणारी साळूबाई थांबली. "मंग, ह्यात नवं काय?" ती म्हणाली. "बाई तर कायम दांडीला हिसका द्यायच्या. म्हणायच्या, साळू, हिला जरा गोंजारलं की उठती."

गिरिधररावांनी इंजिन बंद केलं. "मला कधी बोलली नाही."

"बोलल्या की साहेब. जेवताना. तुम्ही हसले. म्हणले, दांडीचा अन् सेलचा काय संबंध, तू पोळी वाढ."

त्यांना ते आठवत नव्हतं. दुसरंच आठवलं. त्या दुपारी शेजारच्या खुर्चीवरून अरुंधतीबाईंनी हात उचलला होता. तो दांडीपाशी आला होता. त्यांना वाटलं, ती आधार शोधते आहे. त्यांनी तो हात धरला, परत तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, घाबरू नकोस. तिनं तो पुन्हा उचलला. त्यांनी पुन्हा ठेवला. मग ते बॉनेट उघडायला उतरले.

हे त्यांनी कडूबाला सांगितलं. कडूबा हातातली वायर गुंडाळत राहिला. "साहेब, झटका मोठा आल्ता," तो म्हणाला. "येळेवर पोचले असते तरी कुणाच्या हातात होतं."

"कदाचित," गिरिधरराव म्हणाले.

"पट्टी आजच बदलतो."

"राहू दे. तशीच राहू दे."

"न्हाई साहेब. उद्या घरात कुणाला गरज पडली तर?"

"घरात आहे कोण, कडूबा?"

दुपारी कडूबा अवजारं घेऊन परत आला आणि पट्टी बसवून गेला.

त्या आठवड्यात गिरिधरराव जांब समर्थला गेले. सासूबाई, द्वारकाबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. जावयाला एकटं उतरताना पाहून त्यांनी सूप बाजूला सारलं. गिरिधररावांनी पाणीसुद्धा न घेता सगळं सांगून टाकलं. दांडी, पट्टी, जेवतानाचं हसणं, उचललेला हात. सांगून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली. म्हातारीच्या तोंडून काय येईल ते ऐकायला ते आले होते.

द्वारकाबाई गाडीकडे बघत होत्या. "तिचे वडील बी तिचं बोलणं असंच हसून न्यायचे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "लहानपणी एकदा म्हणली, आडाची कड खचून राह्यली. कुणी मनावर घेतलं न्हाई. कड खरंच ढासळली, मंग सगळे म्हणले, पोरगी हुशार हाय." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "म्या बी हसले होते तवा."

मग त्या उठल्या, गिरिधररावांच्या मागोमाग गाडीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "ती कुठं बसायची?"

गिरिधररावांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं. द्वारकाबाई हळूच आत बसल्या. पाय पुरत नव्हते. त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले आणि डोळे मिटले. गिरिधरराव उन्हात दार धरून उभे राहिले. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "जेवलात का?"

"नाही."

"मंग चला. भाकरी टाकते."