सरकारी कासवाची खोक

"दोनातकाका, राष्ट्रीय कासवाच्या पाठीला खोक कशी हो?"

राजधानीच्या महे बेटाहून बदली होऊन आलेल्या अधिकारी नादेजबाईंनी कचेरीच्या दारावरल्या राजचिन्हाच्या फळीवर बोट टेकवलं. दोनात कुंचला धरून उभा होता. ताडाचं झाड, जहाज, दोन बाजूंचे दोन मासे, सगळं जागच्या जागी होतं. खालचं लॅटिन ब्रीदवाक्य तर तो तीस वर्षं अर्थ न कळता बिनचूक लिहीत आला होता. खोक मात्र कधी कुणाला दिसली नव्हती. सरकारी फळीकडे बघायला सरकारात वेळ कुणाला असतो?

"माझ्या बायकोची आहे ती."

"खोक?"

"हो."

प्रालँ बेटावर जुनी रीत होती. मुलगी झाली की बाप कासवाचं पिल्लू पाळायचा आणि तिच्या लग्नात त्याचं कालवण करायचा. दोनातच्या बायकोच्या, फिलोमेनच्या, बापानं तर घोटाळा नको म्हणून पिल्लाचं नावच 'मेजवानी' ठेवलं होतं. लग्नाच्या सकाळी कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला, आणि नवरी पांढऱ्या झग्यासकट कासवावर पालथी पडली. "आधी मला चिरा!" पाहुण्यांनी खारा मासा खाल्ला आणि जन्मभर कुरकुर केली.

पुढे दोनातला राजचिन्हाच्या फळ्या रंगवायचं सरकारी काम मिळालं. समोर बसायला तयार असलेलं कासव एकच होतं. फिलोमेन त्याची मान खाजवायची आणि हा त्याला खोकेसकट चितारायचा. बाकीच्या फळ्या खाऱ्या वाऱ्यानं गेल्या, त्यांच्या जागी छापील आल्या. ही शेवटची. फिलोमेनही चार महिन्यांपूर्वी गेली.

"राहू द्या ना, बाई. कुणाला दिसतेय?"

"मला दिसली ना! परवा मंत्री येतायत. जखमी कासव शोभतं का राष्ट्राला? बुजवा, नाहीतर छापील मागवते."

दोनातनं बुजवली. दोन फटकाऱ्यांचं काम.

"छान! आता कसं, कुठल्याही कासवासारखं दिसतंय."

"हो," दोनात म्हणाला, "कुठल्याही."

तो घरी आला. पावलं वाजताच मेजवानीनं लांब मान बाहेर काढली, दोनातकडे पाहिलं आणि परत आत घेतली. चार महिने रोज हेच चाललं होतं.

दोनात शेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं अंगठा खोकेत ठेवला. अंगठ्याला सरकारी रंग अजून ओला होता.

"मीच आहे रे," तो म्हणाला. "दुसरं कोण येणार?"