दमाचा हंडा

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, त्या सालांतली ही गोष्ट. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात केशवराव नावाचे डॉक्टर मुंबईहून शिकून आले होते. मूळचे पुण्याकडचे, अंगाने काटकुळे, बोलण्यात फार नेमके. गावोगाव कापूस उडत होता आणि रेच्यावर, म्हणजे हातचरख्यावर, बसून सरकी काढणाऱ्या बाया खोकत होत्या. ही उडणारी कापसाची तूस माणसाचा श्वास खरोखर कमी करते का, आणि करते तर किती, हे मोजायचं आणि मुंबईच्या डॉक्टर मंडळींना निबंध धाडायचा, असं केशवरावांनी मनाशी ठरवलं. एकदा मनाशी ठरवलं की मग त्यांना जेवणाची आठवणसुद्धा दुसऱ्या कोणी तरी करून द्यावी लागे.

मोजायला यंत्र हवं होतं. मुंबईत त्यांनी एक पाहिलं होतं. तसंच त्यांनी तांबटाकडून घडवून घेतलं. पाण्याने भरलेला मोठा हंडा, त्यात उपडी सोडलेली गंज, म्हणजे उभट पातेलं, आणि ती दोरीने गडगडीवर टांगलेली. नळीतून फुंकलं की हवा गंजीत शिरे आणि गंज वर उचलली जाई. गंजीच्या अंगावर खुणा होत्या. जितक्या खुणा पाण्यावर येतील तितका माणसाचा श्वास.

यंत्र झकास झालं, पण फुंकायला कुणी येईना. रेच्यावरच्या बायांनी तर साफ सांगितलं, की हा बामण आपला श्वास हंड्यात कोंडून मुंबईला नेणार. केशवराव दोन आठवडे ओसरीवर हंडा मांडून बसले. शेवटी दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या नत्थुजीला त्यांची कीव आली. तो कापसाच्या बाजारात गेला आणि चार पाटलांच्या घोळक्यात सहज बोलल्यासारखं बोलून आला, की डॉक्टरांच्या हंड्यात कोणात किती दम आहे ते खरं कळतं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. महिनाभरात केशवरावांच्या वहीत दोनशे धडधाकट पाटील जमा झाले. रेच्यावरची बाई एकही नाही. नत्थुजी मात्र स्वतःवर खूश होता.

अशात एका बाजाराच्या दिवशी वलगावचे उत्तमराव पाटील आले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, मागे दहा माणसं, अंगावर नवी कोरी बाराबंदी. त्यांचा सालदार गडी आधीच फुंकून गेला होता आणि त्याच्या नावावर एकोणीस खुणा होत्या. पाटलांनी मिशीला पीळ दिला, नळी तोंडाला लावली आणि फुंकलं. गंज नवावर थांबली.

पाटील म्हणाले, हंडा गळतो. केशवरावांनी हंडा पुसून दाखवला. पाटलांनी पुन्हा फुंकलं, आठ. लोक हसू दाबत होते. पाटलांच्या कारभारीण मैनाबाई बाजाराला म्हणून बरोबर आल्या होत्या. नत्थुजीला कुठे थांबावं ते कळत नसे. त्याने त्यांनाच फुंकायची विनंती केली. त्या नको नको म्हणाल्या, मग हंड्याला आडोसा करून घेतला आणि एका दमात चौदा खुणा वर काढल्या. मग मात्र ओसरी हसून लोटपोट झाली. उत्तमराव तडक आपल्या दमणीत, बैलगाडीत, जाऊन बसले.

हसले नाहीत ते फक्त केशवराव. फुंकताना पाटलांची डावी बाजू हलत होती आणि उजवी भिंतीसारखी गप्प होती, हे त्यांनी पाहिलं होतं.

चार दिवस वाट पाहून ते स्वतः वलगावला गेले. सोप्यात मैनाबाई भेटल्या. पाटील घरी नाहीत, असं त्यांनी सांगितलं, आणि तेवढ्यात आतून पाटील खोकले. मैनाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"दसऱ्यापासून पाठीत उसन भरली म्हनतेत," त्या हळूच म्हणाल्या. "पन त्या दिवसापासून गावानं चिडवून चिडवून हैरान केलं. डाक्टरसायब, तुमी एक डाव म्हना का हंडा गळत होता. मंग येतीन भायेर."

आकड्याच्या बाबतीत केशवराव आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्यांनी पागोटं सारखं केलं. मग आत ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "हंड्याची पुन्हा परीक्षा घ्यायची आहे. ती पाटलांवाचून व्हायची नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. हंड्याची परीक्षा ते दर सोमवारी घेतच असत.

उत्तमराव बाहेर आले. केशवरावांनी त्यांना बसवलं आणि पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकत ठोकत खाली आले. डावीकडे रिकाम्या कणगीसारखा आवाज येत होता. उजवीकडे खवाट्याच्या हाडाखाली मात्र आवाज बदलला. तिथून कणगी भरलेली होती. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचलंय, ते काढलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. सुई घालून काढायचं, हेही सांगितलं. आपण हे दोनदा पाहिलंय आणि एकदाही केलेलं नाही, एवढंच सांगायचं राहिलं.

पाटलांनी विचारलं, "मंग हे पानी होतं म्हनून नऊ?"

"म्हणूनच."

"आन् हे नसतं तं?"

"वीसच्या आसपास."

पाटलांनी लगेच बाराबंदीचे बंद सोडले.

केशवरावांनी उजव्या बरगड्यांमधून पोकळ सुई घातली. मैनाबाई नवऱ्याचा हात घट्ट धरून बसल्या. सुईच्या नळीतून गव्हाळ रंगाचं पाणी थेंब थेंब आणि मग धारेने आलं. लोट्यात धरलं तर अडीच लोटे भरले. पाटलांनी लांब श्वास घेतला, आणि कितीतरी दिवसांनी तो श्वास पुरा झाला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं; ते लपवायला त्यांनी मुंडाशाचं टोक पुढे ओढलं.

दोन महिन्यांत पाटील हिंडूफिरू लागले. आता त्यांना नवाची लाज राहिली नव्हती. अकोल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या बैठकीत ते सांगत, की अडीच लोटे पाणी छातीत घेऊन मी हंडा उचलला. दुसऱ्या कोण्या पाटलानं उचलून दाखवावा.

मैनाबाईंनी उपकार फेडायचा ठरवला. एक दिवस त्या आपल्या सरकी काढायच्या कोठ्यातल्या चाळीस बाया घेऊन दवाखान्यात हजर झाल्या. केशवराव दिवसभर लिहीत होते. नव्या पोरी बारा-तेरा खुणा काढत, जुन्या बाया आठ-नऊ. त्यांना हवं ते हेच होतं. त्यांचा चेहरा असा फुलला, की नत्थुजीला वाटलं डॉक्टरांचं लग्न ठरलं.

शेवटी सत्यवती नावाची बाई आली. बारा वर्षं रेच्यावर काढलेली. तिच्या सात भरल्या. केशवरावांनी उत्साहाने आकडा वाचून दाखवला.

"कमी आहे हे मले ठावंच होतं," ती म्हणाली. "हिरीवरून पानी आनतानी तीनदा टेकावं लागते, तवा कळते. आता हे मोजून त्याचं करता काय?"

केशवरावांच्या निबंधात या प्रश्नाला जागाच नव्हती. त्यांनी वही मिटली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा नत्थुजीने आठवण न करून देता जेवायला उठले, पण जेवण काही गेलं नाही.

सकाळी ते वलगावला गेले. पाटलांचा सरकी काढायचा कोठा चारी बाजूंनी बंद होता, कारण वाऱ्याने कापूस उडतो. मागची भिंत पाडून तिथे बांबूचा तट्टा लावा, आणि बायांना तोंडाला फडकं बांधू द्या, असं केशवराव म्हणाले. पाटलांनी कापसाचा हिशेब सांगायला सुरुवात केली, तेव्हा मैनाबाईंनी त्यांना बाहेर नेलं. काय बोलल्या ते केशवरावांना आत ऐकू आलं नाही, पण दोन दिवसांत भिंत पडली.

निबंध मुंबईला गेला. उत्तर आलं, की काम चांगलं आहे, मात्र दोनशे पाटलांचा विषयाशी संबंध काय? निरोगी छात्या तुलनेला घ्याव्याच लागतात, असं केशवरावांनी बाणेदारपणे कळवलं. ते त्यांना उत्तर लिहितानाच सुचलं होतं.

इकडे कोठ्यातला खोकला थोडा उतरला. सत्यवती आता मधे एकदाच टेकून पाणी आणू लागली. पण तट्ट्यातून उडालेली सगळी तूस शेजारच्या किसनरावांच्या खळ्यात जाऊन पडू लागली, आणि तिथे त्यांच्या मिरच्या वाळत होत्या. हे सगळं डॉक्टरांचं करणं, असं पाटलांनी त्यांना मोकळ्या मनाने सांगून टाकलं. किसनराव सूपभर मिरच्या घेऊन थेट दवाखान्यात आले आणि आता याचं काय ते सांगा म्हणून बसले. केशवरावांनी सूप पुढे ओढलं, आणि ते आणि नत्थुजी दुपारभर शिंकत शिंकत मिरच्यांवरचा कापूस वेचत बसले.